पॅरिसच्या फुलाला भंडाऱ्याची चिंच

व्हिटबीच्या त्या रस्त्यावरची सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत, तरी वाल्मिक खोब्रागड्यांचं घर शोधायला कुणाला नंबर विचारावा लागत नाही. दाराची मूठ पितळी, पत्रं टाकायची फट पितळी, घराचा आकडा पितळी, आणि हे सगळं असं लखलखत असतं की उन्हाळ्यात समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दुपारी चारच्या ठोक्याला पडदा ओढून घेतात. वाल्मिकरावांना वाटतं, त्या झोपतात.

माणूस मूळचा भंडाऱ्याचा, म्हणजे पितळेच्या गावचा. वडील तिथल्या एका भांड्यांच्या कारखान्यात घासकामाला होते. वाल्मिकराव नागपूरला रसायनशास्त्र शिकले, नोकरीला लागले, बावीस वर्षांपूर्वी बायको ललिता आणि तीन वर्षांचा धम्मदीप यांना घेऊन कॅनडात आले आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले. आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते तिथे दिवसभर पाण्याची आम्लता मोजतात. पदव्या आल्या, घर आलं, बेसमेंट आलं, विंटर टायर्स आले. पण हातातली चिंच काही सुटली नाही. रविवारी सकाळी ग्रोसरीतून आणलेल्या चिंचेच्या वडीतला एक तुकडा कोमट पाण्यात भिजतो, त्यात मूठभर मीठ पडतं, आणि मग घरातल्या धातूच्या प्रत्येक वस्तूच्या पोटात गोळा येतो.

धम्मदीपला शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत एक पदक मिळालं होतं. ते वाल्मिकरावांनी इतक्या प्रेमाने घासलं, की त्यावरची अक्षरं गेली. आता तो पहिला आला होता की तिसरा, हे कुणालाच सांगता येत नाही. वाल्मिकराव पहिला सांगतात.

आंबेडकर असोसिएशनच्या लोकांनी या गुणाचं चीज केलं होतं. जयंतीच्या आधीच्या रविवारी संस्थेची पितळी बुद्धमूर्ती, दोन समया आणि मेणबत्त्यांचे सहा स्टँड खोब्रागड्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पडत. ‘पॉलिश विभागप्रमुख’ हे पद संस्थेच्या घटनेत नव्हतं, पण निवडणूक न होता बावीस वर्षं टिकलेलं ते एकमेव पद होतं.

त्या रविवारीही तसंच झालं. ललिता जयंतीचं बॅनर आणायला एटोबिकोला गेली होती. वाल्मिकरावांनी बाह्या सरसावल्या, मोबाइलवर भीमगीतं लावली आणि एकेक वस्तू चिंचेतून काढायला सुरुवात केली. मूर्ती झाली. समया झाल्या. स्टँड झाले. हात मात्र अजून शिवशिवत होते.

तेवढ्यात खिडकीजवळच्या ओट्यावर त्यांना ललिताचा क्लासचा डबा दिसला. झाकण उघडं होतं आणि शेजारी पेन्सिल आणि वही होती. दोन हिवाळे झाले, ललिता दर मंगळवारी गावातल्या कलाकेंद्रात मीनाकाम शिकायला जात होती. चांदीच्या पत्र्यावर बारीक तारांची कुंपणं उभी करायची, त्यात रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत घालायची. काच वितळून रंग तारांमध्ये बसतो. तिने घरी आणलेले तुकडे या खिडकीत मांडले, की वाल्मिकराव फोनवरून मान वर न करता म्हणत, “छान आहे हं.” दोन वर्षांत त्यांनी हे चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. नेमकं काय छान आहे, हे पाहण्याची वेळ आली नव्हती.

आज ती वेळ आली. डब्यात एक ब्रोच होता, खारकेएवढा. एका कोपऱ्यातून निघालेली वाकडी फांदी, तिच्यावर तीन निळी फुलं, एक लालसर कळी, आणि बाकी सगळी जागा मोकळी. कडेची चांदी काळी पडलेली.

“अरे अरे अरे,” वाल्मिकराव स्वतःशीच म्हणाले. “बिचारीने एवढी मेहनत केली, आणि चमक आणायची राहूनच गेली. अर्धी जागाही रिकामी राहिली.”

रिकाम्या जागेचं त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. चमकेचं होतं. त्यांनी ब्रोच चिंचेच्या पाण्यात सोडला, वीस मिनिटं चहा घेतला, मग हिरव्या घासणीने गोल गोल घासला. चांदी अशी उजळली, की त्यांना वडिलांची आठवण आली. फुलं जरा फिकी, दुधाळ दिसायला लागली. पण मळ निघाला की खरा रंग असाच दिसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग आधी काढून ठेवलेला फोटो आणि हा नवा फोटो शेजारी शेजारी लावून असोसिएशनच्या ग्रुपवर टाकला: ‘सौ.च्या कलेला आमचा हातभार! बिफोर-आफ्टर. जय भीम.’

अंगठे वर आले. टाळ्या वाजल्या. परीक्षित मेश्राम, जो संस्थेचा सेक्रेटरी असून कुठल्याही संदेशाला उत्तर देणं हे आपलं घटनात्मक कर्तव्य मानतो, त्याने लिहिलं: ‘सर, तुम्ही चंद्रसुद्धा घासाल.’ वाल्मिकराव सुखावले. एवढ्यात ललिताचा फोन आला. कौतुक ऐकायला त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

फोनवर काहीच नव्हतं. फक्त गाडीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती.

“ललिता? पाहिलास का ग्रुप?”

टकटक.

“आवाज येते का तुला?”

“हात लावू नका,” ललिता म्हणाली. “आता कशालाच हात लावू नका. मी येते.”

एटोबिको ते व्हिटबी तासभर लागतो. तो तास वाल्मिकराव ओट्यापासून दोन फुटांवर, ओले हात हवेत धरून उभे राहिले. कशालाच म्हणजे टॉवेल त्यात येतो की नाही, हे विचारायची हिंमत नव्हती. मधेच व्हँकुव्हरहून धम्मदीपचा फोन आला. तो तिकडे सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कामात आहे. वाल्मिकरावांनी फोन कोपराने उचलला.

“बाबा, आई जस्ट कॉल्ड मी. यू डिड व्हॉट?”

“अरे, आईच्या क्लासची पिन होती. काळी पडली होती.”

“दॅट्स नॉट हर्स! तिच्या टीचरच्या ग्रेट-ग्रँडफादरने बनवलीय, इन पॅरिस. इट्स लाइक, हंड्रेड अँड थर्टी इयर्स ओल्ड. आईने मला फोटो पाठवला होता.”

वाल्मिकरावांनी ओले हात आणखी वर धरले.

“अँड बाबा, टॅमरिंड इज अ‍ॅसिड. एनॅमल इज ग्लास. यू मेजर पीएच फॉर अ लिव्हिंग.”

फोन बंद झाला आणि वाल्मिकराव खरोखरच गोठले. तीस वर्षं हा माणूस आम्ल मोजत होता. चिंचेचा पीएच किती, हे झोपेतही सांगितलं असतं. पण प्रयोगशाळेतलं आम्ल हे आम्ल असतं आणि घरची चिंच ही घरची असते; तिच्याकडे त्या नजरेने त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आजीच्या हातचं वरण कुणी प्रयोगशाळेत तपासायला पाठवतं का? त्यांनी ओट्यावरच्या त्या निळ्या फुलांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांना ते दिसलं: पाकळ्यांवर धुकं बसलं होतं, हिवाळ्यात गाडीच्या काचेवर बसतं तसं. पुसून जाणारं ते नव्हतं.

ललिता आली. बॅनर दारातच टाकलं. ब्रोच उचलला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला, पुन्हा सरळ धरला. वाल्मिकराव आरडाओरड्याची वाट पाहत होते. संसाराच्या तीस वर्षांत आरडाओरड्याला कसं तोंड द्यायचं, हे त्यांनी चांगलं शिकून घेतलं होतं. पण ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली, आणि हे भलतंच भयंकर होतं.

“मे महिन्यात लायब्ररीत प्रदर्शन आहे. मॅडमनी सगळ्या क्लासमधून माझं एकटीचं काम घेतलं. ही पिन आणि तिच्या शेजारी माझी. पॅरिसच्या कारागिरांनी जपानकडून काय घेतलं, आणि मी दोघांकडून काय घेतलं, ते दाखवायला. चार पिढ्यांत ही पिन त्यांच्या घराबाहेर गेली नव्हती. मला दिली. म्हणाल्या, घरी नेऊन निवांत बघ.”

“मला काय माहीत, बापा. मला वाटलं तुझीच आहे.”

ललिताने मान वर केली. “माझी वाटली?”

“हाव ना! शप्पथ! दुसऱ्याची असती तर मी हात तरी लावला असता का?”

आपण सुटलो, असं वाल्मिकरावांना निमिषभर वाटलं. ललिता त्यांच्याकडे बघतच राहिली.

“म्हणजे माझी वाटली म्हणून घासली.”

पॅरिस, एकशे तीस वर्षं, चार पिढ्या, हे सगळे धक्के त्यांनी उभ्याने पचवले होते. या एका वाक्यावर ते समईशेजारी जमिनीवर बसले.

“माझं काम कसं दिसते ते तरी माहीत आहे का तुम्हाला?” ललिता म्हणाली, आणि ब्रोच डब्यात ठेवून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं कलाकेंद्रात गेले. ललिताचा विचार एकटीनेच जाण्याचा होता. वाल्मिकराव न सांगता गाडीत जाऊन बसले होते, लग्नात घालतात तो कोट घालून. शिकवणाऱ्या जनव्हिएव्ह बाई मूळच्या मॉन्ट्रियलच्या, सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या, गळ्यात साखळीला अडकवलेलं भिंग. त्यांनी डबा उघडला.

“मों द्यू,” त्या म्हणाल्या.

वाल्मिकरावांना फ्रेंच येत नव्हतं, पण याचा अर्थ लागला. “मॅडम, चूक माझी आहे. शंभर टक्के. ललिताला काही माहीत नव्हतं. तिला प्रदर्शनातून काढू नका, प्लीज.” हे वाक्य त्यांनी गाडीत सतरा वेळा म्हणून पाहिलं होतं. मग न ठरवलेलं एक वाक्य निघून गेलं: “चांदी मात्र चांगली निघाली.”

ललिताने डोळे मिटले.

बाईंनी भिंग लावलं. फार वेळ. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावरची धूळ वाल्मिकरावांना दिसत होती, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती पुसावीशी वाटली नाही.

“तारा शाबूत आहेत,” बाई शेवटी म्हणाल्या. “रंग आतून शाबूत आहे. वरचा थर गेलाय, निळ्या तिन्ही फुलांचा. कळी वाचली. लाल काच हट्टी निघाली.”

“मग पुन्हा भट्टीत?” ललिताने विचारलं. “वरचा थर वितळून सारखा होईल ना?”

“माझ्या पणजोबांनी तेच केलं असतं. पॅरिसमध्ये शेवटची चकाकी विस्तवानेच आणत. पण मागे बघ. अडकवायची टाचणी तुटली होती, ती माझ्या आजीच्या काळात कुणीतरी शिशाने जोडलीय. भट्टीत घातलं तर शिसं चांदीला खाऊन टाकेल. काहीच उरणार नाही.”

मग त्या कपाटाकडे गेल्या आणि एक चपटी पेटी घेऊन आल्या. आत दगड होते, पाटीवरच्या पेन्सिलीसारखे लांबट, करडे, पांढरे, एक जवळजवळ काळा. आणि कोळशाची दोन कांडकी.

“पणजोबा जपानी वस्तूंच्या मागे वेडे होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा सगळं पॅरिसच होतं. त्याआधी आमचे दागिने म्हणजे गच्च भरलेला बाजार. बोटभर जागा रिकामी सोडायची नाही. जपानी कामात त्यांनी एक फांदी पाहिली, कोपऱ्यात, आणि बाकी मोकळं आकाश. त्यांनी तारा घेतल्या, फुलं घेतली, आकाश घेतलं. एक गोष्ट मात्र घेतली नाही. जपानी कारागीर शेवटी वस्तू दगडाने, कोळशाने, पाण्यात घासत. दिवसेंदिवस. पणजोबा म्हणत, एवढा धीर पॅरिसमध्ये कुणाकडे आहे?” त्यांनी वाल्मिकरावांच्या हातांकडे पाहिलं. “मुसिय, तुम्हाला घासायला आवडतं म्हणे.”

वाल्मिकरावांनी ललिताकडे पाहिलं. ललिताने खिडकीबाहेर पाहिलं.

“मी? याच पिनेला?” ते म्हणाले. “पुन्हा?”

“माझ्या बोटांना संधिवात आहे. ललिताला स्वतःचं काम पुरं करायचं आहे. तीन आठवडे आहेत. पण माझ्यासमोर बसून, आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.”

या माणसाला आयुष्यात कुणी थांबा म्हटलं नव्हतं. भंडाऱ्यात तर वडील ‘आणखी’ एवढंच म्हणत.

पुढचे तीन आठवडे वाल्मिकराव रोज संध्याकाळी साडेपाचला कलाकेंद्रात हजर होत. पहिले चार दिवस बाईंनी ब्रोचला हातच लावू दिला नाही. काचेचा एक फुटका तुकडा देऊन म्हणाल्या, यावर शिका. त्यांनी दोन मिनिटांत जोर लावला आणि बाई ओरडल्या, “दुसमाँ! दुसमाँ!” याचा अर्थ हळू, हे परीक्षितने शोधून सांगितलं. परीक्षितने ते ग्रुपवरही टाकलं, आणि सगळं असोसिएशन वाल्मिकरावांना ‘दुसमाँ सर’ म्हणायला लागलं. जयंतीच्या कार्यक्रमात ते मेणबत्ती लावायला उठले, तर मागून कुणीतरी म्हणालं, “सर, दुसमाँ.” त्यांनी मूर्तीकडे पाहिलं आणि मुकाट्याने काडी ओढली.

पाचव्या दिवशी ब्रोच हातात आला. दगड पाण्यात बुडवायचा, पाकळीवर टेकवायचा, चालवायचा. टेकवायचा म्हणजे किती, तर बाई म्हणाल्या, झोपलेल्या मुलाच्या पापणीवर. एका संध्याकाळी एक पाकळी. चमक येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तीच पाकळी. तरी येत नाही. घासून घासून वस्तू चमकू नये, हा अनुभव वाल्मिकरावांच्या घराण्यात नवा होता. समोरच्या टेबलावर ललिता पाठ करून आपलं काम करत असे. घरी ती बोलायची, पण भाजीला मीठ कमी आहे का, इतपतच. मघाशी काय केलंत, आज किती झालं, काही नाही. एकदा गाडीत त्यांनी विचारलं, “तुझं काय चाललं आहे?”

“कळेल,” ललिता म्हणाली.

बाराव्या दिवशी काळा दगड झाला. मग कोळसा झाला. सोळाव्या दिवशी धुकं गेलं, आणि आतून निळा रंग वर आला. पाण्याखालच्या खड्यासारखा, चकाकत नव्हता, नुसता ओला दिसत होता. लगेच वाल्मिकरावांचा हात पुढे गेला: अजून थोडं, अजून एक हात, म्हणजे आरसाच होईल.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

“पण मॅडम, अजून चमक...”

“थांबा.”

दगड खाली ठेवायला त्यांना जेवढा जोर लागला, तेवढा सोळा दिवसांत कुठल्याही पाकळीवर लागला नव्हता. त्या रात्री जेवताना ललिताने त्यांच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली.

प्रदर्शन मेच्या दुसऱ्या शनिवारी उघडलं. असोसिएशन झाडून आलं होतं. काचेच्या पेटीभोवती गर्दी होती आणि परीक्षित काहीतरी मोठ्याने वाचत होता. वाल्मिकराव कोट सावरत पुढे झाले. ब्रोचखाली इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये पाटी होती: पॅरिस, अंदाजे १८९०, जपानी मीनाकामाच्या प्रभावाखाली. आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ. नुकसान आणि दुरुस्ती: वाल्मिक खोब्रागडे, व्हिटबी.

“अभिनंदन सर!” परीक्षित म्हणाला. “दोन्ही खाती तुमच्याकडे!”

वाल्मिकरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ते सरळ बाईंकडे गेले. “मॅडम, दुरुस्ती ठीक आहे. पण तो पहिला शब्द काढता येणार नाही का? पुढे शंभर वर्षं लोक वाचतील!”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “वस्तूला जे झालं ते लिहायचं असतं. मी तुमचं नाव लिहिणार नव्हते. ललिता म्हणाली, लिहाच.”

वाल्मिकराव वळले. ललिता पेटीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, मोरपंखी साडीत.

“का गं?”

“तीन आठवडे तुम्ही बसलात. ते कुणाला कळायला नको?” ती म्हणाली. “आणि का बसावं लागलं, तेही.”

तिच्या बोलण्यात राग शोधावा तर तो पुरता सापडेना. ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि तिथे, ब्रोचच्या डावीकडे, तिचं काम होतं.

पिंपळाचं एक पान, करंगळीएवढं. चांदीच्या तारांच्या शिरा केसाहून बारीक. हिरवा रंग देठाशी गडद, टोकाकडे पिवळट होत गेलेला, आणि टोकाच्या पुढे ती लांब शेपटी, पिंपळालाच असते ती. पान एका कोपऱ्यात. बाकी सगळं करडं, मोकळं. आणि कुठेही चकाकी नाही. दगडाने घासून, नेमकं तिथे थांबवलेलं.

वाल्मिकराव वाकले. चष्मा कपाळावर सरकवून आणखी वाकले. मागे परीक्षितने कुणाला तरी सांगायला घेतलं की सरांनी हे पण पॉलिश केलं असावं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. शिरा मोजता मोजता वाल्मिकराव अकरावर आले आणि चुकले, म्हणून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

“छान आहे हं, म्हणा ना,” शेजारून ललिता म्हणाली.

“थांब,” वाल्मिकराव म्हणाले. “बघतो आहे.”